पाण्याचा नवा फिल्टर आणि माझ्या खिशातली किल्ली

मित्रांनो, दुपारपासून कशातच मन लागत नाही, म्हणून लिहितोय.

मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत सुपरवायझर आहे. आमचा माल परदेशात जातो. तिकडच्या नव्या नियमांमुळे, कामगारांना माणसासारखं वागवतात का ते बघायला, आज खरेदीदार कंपनीच्या मॅडम आल्या होत्या. मी कसून तयारी केली होती. पाण्याचा नवा फिल्टर, स्वच्छ पेले, बायकांच्या संडासात साबण.

मॅडमनी स्वतः पेला भरून तंबाखू निवडणाऱ्या सुमनआक्कांपुढं धरला. आक्कांनी हात मागं घेतला.

"नको बाई. पाणी प्यालं की जायला लागतंय."

"मग जा की. संडास इथंच तर आहे," मॅडम म्हणाल्या.

"ते आज उघडलंय. एरवी कुलूप असतंय. आमी घरला जाईस्तोवर पाणी पीतच न्हाय."

बायका घाण करतात म्हणून मालकांनी कुलूप लावायला सांगितलेलं. किल्ली माझ्याच खिशात होती. आणि मला इतके दिवस वाटायचं, या बायकांना तहानच कमी लागते.

मॅडम गेल्यावर मालक हसले. "तिकडं नियम परत सैल व्हायलेत म्हणं. लाव रं कुलूप."

मी लावलं. आक्कांनी बघितलं. तो पेला तेवढा धुऊन उपडा ठेवला.

उद्या सकाळी किल्ली आक्कांच्या हातात द्यायची ठरवलंय. मालकांना कळलं तर माझी नोकरी जाईलही.

तुमच्या कामाच्या जागी बायका पाणी पितात का? एकदा बघाल?