काठमांडूच्या मैदानात काकांना मारलेली हाक

आमची रतनकाकी जिभेची तिखट. कापूरहोळच्या फाट्यावर भाजी घेऊन बसली, की गिऱ्हाईक भाव करायच्या आधीच नमतं घेतं. पण याच बाईनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. लग्नातसुद्धा उखाणा अर्धा सोडून पळाली होती म्हणे. मला हे खूळ वाटायचं, पण काकीशी वाद घालायला मला काय वेड लागलंय?

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात काकी, गेनूकाका आणि काकीची धाकटी जाऊ ठकुबाई यात्रा कंपनीबरोबर काशी करून नेपाळात पशुपतीनाथाला गेले. आमच्या किकवी गावात घरोघर जाऊन काका सांगून आले होते, "आमी परदेशी चाललो!" काठमांडूत काका चहा शोधायला लॉजबाहेर पडले आणि जमीन हलली. दोघी जावा कशाबशा बाहेर धावल्या, तोवर मागं भिंत बसली. सगळ्यांना एका मोठ्या मैदानात नेलं. तिथं माणसांचा नुसता समुद्र. काकांचा पत्ता नाही, मोबाईल लागेना, यात्रा कंपनीचा माणूस पाय मोडून दवाखान्यात.

दुसऱ्या दिवशी सरहद्दीकडे जाणारी बस आली. ड्रायव्हर म्हणाला, आत्ताच बसा, पुन्हा बस मिळेल न मिळेल. काकीनं बसच्या दारातच फतकल मारलं. "ह्यांच्याबिगर म्या हलनार न्हाई!"

जवळच एक पोलिस भोंग्यावरून हरवलेल्यांना हाका मारत होता. ठकुबाईनं काकीला त्याच्यापुढं उभं केलं. "नाम बताओ," तो म्हणाला.

काकीनं ठकुबाईकडं बघितलं. पण थोरल्या दिराचं नाव ठकुबाई तरी कसं घेणार? तिनं पदर कपाळावर ओढला. "तुमीच सांगा, आक्का."

"का? तुज्या जिभेला काय झालं?"

अर्धं शहर पडलंय आणि या दोघी नाव कुणी घ्यायचं यावर भांडतायत! पोलिसानं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात बसनं हॉर्न दिला. काकीनं पोलिसाच्या हातातला भोंगाच हिसकावला, डोळे गच्च मिटले आणि ओरडली, "गेनू! ए गेनूऽऽ!" पुन्हा पुन्हा ओरडली. नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणतात, पण आधी तो जिवंत तर सापडायला हवा!

कुणी आलं नाही. काकी मटकन खाली बसली. माणूस गेला, असंच तिनं धरलं. भोंगा तोंडाशीच होता. रडता रडता ती म्हणाली, "अवं, ऐकलं का? कुठं हाय तुमी?"

पलीकडच्या टोकाला डोक्याला पट्टी बांधलेला एक माणूस ताडकन उठला. "आलो, आलो! वरडू नगंस!"

बसमध्ये बसल्या बसल्या काकीनं त्यांना फैलावर घेतलं. "मगाधरनं घसा फोडतीया, कानात बोळं घातलं हुतं का?"

"ऐकलं की," काका म्हणाले. "पर माजं नाव तू कशाला घेशील? म्हनलं, दुसराच कुनी गेनू आसंल. त्येच्यासाटी कुनीतरी किती जीव टाकतंय. लई नशिबाचा दिसतोय बेटा."

ठकुबाई सांगते, भर बसमध्ये, जावेच्या देखत, काकीनं काकांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं.