चौथ्या वळणाअलीकडची खाच

देवीदास रामटेके रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा ऑफिसवाल्यांनी त्यांना शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि बुद्धाची छोटी पितळी मूर्ती दिली. मूर्ती बाबासाहेबांच्या फोटोशेजारी बसली, घड्याळ भाच्याकडे गेलं. वेळ सांगायला देवीदासांना घड्याळ कधी लागलंच नाही. तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरात बसून, स्टेशनकडून आलेल्या नुसत्या शिट्टीवरून ते कोणती गाडी किती लेट आहे ते सांगत. आणि कोणी विचारलं नसलं तरी सांगत, हा त्यांचा मोठा दोष.

चौतीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची तेरा वर्षं ते लोको इन्स्पेक्टर होते. म्हणजे ड्रायव्हर लोकांवर नजर ठेवणारा साहेब. कधी इंजिनवर चढून ड्रायव्हरशेजारी बसायचं, कधी टेबलाशी बसून चार्ट वाचायचा. इंजिनातलं यंत्र गाडी कुठे किती वेगात होती त्याची रेघ ओढून ठेवतं, तो चार्ट. ड्रायव्हर शंभर थापा मारेल, रेघ एकही मारत नाही. देवीदास त्या रेघेवर बोट ठेवून सांगत, इथे ब्रेक उशिरा लागला, इथे पोट्ट्याला डुलकी आली होती. त्यांच्या माघारी सगळे त्यांना चार्टबाबा म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आता अशा माणसाच्या पोटी मोटार पळवणारी पोरगी जन्माला यावी, हे काही विशेष नाही. विशेष हे, की पोरगी बापापेक्षा हट्टी निघाली. मोनाली सव्वीस वर्षांची. शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत एका सरकारी खात्यात कंत्राटी इंजिनिअर. त्या राजधानीतले रस्ते इतके रुंद आणि इतके मोकळे, की गाय आडवी आली तरी सोबत मिळाली असं वाटावं. त्या रस्त्यांनीच पोट्टीचं डोकं फिरवलं, असं तिची आई सत्यभामा म्हणे. खरं तर रस्त्यावर मोनाली शहाण्यासारखी चालवायची. तिचा वेडेपणा राजधानीच्या पलीकडे होता. तिथे शालिग्राम वर्मा नावाच्या एका जुन्या रेसरने आपल्या वडिलोपार्जित जमिनीत सव्वा किलोमीटरचा ट्रॅक बांधला होता. महिन्यातून दोन रविवार तिथे ट्रॅक डे. आपली गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं आणि वीस-वीस मिनिटांच्या पाळीत घड्याळाशी झुंजायचं. मोनालीने जुनी स्विफ्ट घेतली, वजन कमी करायला आपली सोडून बाकीच्या सगळ्या सीटा काढून टाकल्या आणि सुटली.

शालिग्रामची टीम एप्रिलमध्ये कोइंबतूरला शर्यतीला जाणार होती आणि टीममध्ये एक जागा रिकामी होती. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत जो सगळ्यांत वेगवान, त्याची जागा. पण अट अशी, की फेरी एक मिनिट चार सेकंदांच्या आत बसली पाहिजे. मोनाली एक मिनिट सव्वापाच सेकंदांवर अडकली होती. एवढ्याशा सव्वा सेकंदाने तिची झोप उडवली होती. ती जेवताना भातावर बोटाने वळणं काढायची.

एका संध्याकाळी तिने लॅपटॉप उघडला. गाडीच्या काचेला तिने एक डबी चिकटवली होती. ती डबी ट्रॅकच्या प्रत्येक ठिकाणी गाडीचा वेग किती, पाय रेसवर किती दाबला, हे सगळं टिपून ठेवायची. पडद्यावर निळी रेघ आली. देवीदास पेपर वाचत होते. त्यांनी तिरप्या नजरेने पाहिलं, चष्मा बदलला आणि खुर्ची ओढली.

"हा तर चार्ट आहे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांना नोकरी परत लागली. पण पहिल्याच घासाला खडा. रेल्वेत चांगला ब्रेक तोच, जो डब्यात झोपलेल्या माणसाला कळत नाही. लांबून, हलक्या हाताने, थोडा थोडा. देवीदासांनी लेकीला तेच शिकवलं. पुढच्या रविवारी बाईसाहेब एक मिनिट साडेसहावर. शालिग्राम पोट धरून हसला आणि म्हणाला, अंकल, ही मालगाडी नव्हे. देवीदासांनी चूक कबूल केली. चौतीस वर्षांत हा प्रसंग कोणी पाहिला नव्हता. मग त्यांनी शालिग्रामच्या फेरीची रेघ मागून घेतली, लेकीच्या रेघेवर ठेवली आणि तीन रात्री दोन्ही ताडून पाहिल्या. इथे सगळं उलट होतं: ब्रेक उशिरा मारायचा, जोरात मारायचा आणि मग हळूहळू सोडायचा. मोनालीने ते हातात बसवलं आणि वेळ खाली आली. एक मिनिट पावणेपाच. आता उरला फक्त पाऊण सेकंद.

आणि तिथेच गाडी अडली.

तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मध्ये एक लांब सरळ पट्टा आहे. तिथे रेस पूर्ण दाबून सुटायचं, दुसरं काही काम नाही. पण मोनालीच्या रेघेला तिथे, पट्ट्याच्या बरोब्बर मध्यावर, एक बारीक खाच पडायची. वेग सात-आठ किलोमीटरने पडायचा आणि परत चढायचा. प्रत्येक फेरीत त्याच जागी. देवीदासांनी विचारलं, इथे पाय काहून उचलून राहिली? हिंदी मुलखात वाढलेल्या मोनालीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती हिंदीतच द्यायची. म्हणाली, नहीं उठाती पप्पा, वहाँ तो फुल रेस रहती है. देवीदास म्हणाले, चार्ट खोटं बोलत नाही. म्हणजे मी खोटं बोलते का, असं म्हणून ती ताटावरून उठली. दोन दिवस बापलेकीचं बोलणं बंद. सत्यभामाबाई दोघांमध्ये निरोप पोचवून कंटाळल्या.

देवीदासांनी शालिग्रामची परवानगी काढली आणि ट्रॅक रिकामा असताना त्या जागी जाऊन आले. वाकून तळहाताने डांबर चाचपलं. खड्डा नाही, उंचवटा नाही, तेलाचा डाग नाही. पलीकडे जाळीचं कुंपण आणि एका बाभळीची सावली. ती सावली त्यांच्या ओळखीची होती. दर रविवारी ते तिथेच उभे राहून लेकीला पाहत, कारण तिथून जवळजवळ अर्धा ट्रॅक दिसायचा. कोणी विचारलं, काका, पोरीची भीती नाही वाटत? तर ते म्हणत, माही जिंदगी इंजिनवर गेली, मले कायची भीती.

शेवटचा रविवार उजाडला. गाडीत सीट एकच, म्हणून देवीदास नेहमीसारखे मागून स्कूटरवर निघाले आणि राजधानीच्या त्या भव्य रस्त्यावर स्कूटर पंक्चर झाली. मंत्रालय आहे, तलाव आहे, चार-चार पदरी रस्ते आहेत, पण पंक्चरवाला मिळेल तर शपथ. दीड तास स्कूटर ढकलून ते घामाघूम पोचले तेव्हा मोनालीची पहिली पाळी संपली होती. दुसरी त्यांनी बाभळीखालून पाहिली. तिसरी, म्हणजे शेवटची, जेवणानंतर होती.

पोट्टी टायर बघायला गेली तेवढ्यात त्यांनी लॅपटॉप उघडला. दुसऱ्या पाळीत सगळ्यांत चांगली फेरी एक मिनिट पावणेपाच. खाच जागच्या जागी. पहिल्या पाळीत एक मिनिट चार आणि वर थोडंसं. त्यांनी पहिल्या पाळीतली प्रत्येक फेरी उघडून पाहिली. खाच नव्हती. एकाही फेरीत नव्हती.

तीच गाडी, तेच टायर, तीच पोरगी. पहिल्या पाळीत ऊन कोवळं होतं, दुसरीत चढलं, पण उन्हाने एकाच जागी खाच पडत नाही. मग बदललं काय? त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं आणि मान वर करून समोर पाहिलं. समोर बाभळीची सावली होती, आणि पहिल्या पाळीत तिच्याखाली कोणी नव्हतं.

त्यांना एकदम लहानू आठवला. लहानू गेडाम, डोंगरगडच्या बाजूचा मालगाडीचा ड्रायव्हर, सोन्यासारख्या हाताचा माणूस. पण देवीदास इंजिनवर चढले, की त्याची गाडी हमखास लेट. एकदा तो म्हणाला होता, "साहेब, तुमी बाजूले बसले का माह्या हाताले घाम येते. तुमी खाली उतरा, मंग माहा चार्ट पाहा." देवीदासांना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी रिपोर्टमध्ये तसं लिहिलं आणि लहानूचं प्रमोशन दोन वर्षं अडलं. इतक्या वर्षांनी त्यांना कळलं, की तो माणूस खरं सांगत होता. फार वाईट वाटलं त्यांना. लहानूसाठीही, आणि स्वतःसाठीही.

शेवटच्या पाळीची शिट्टी झाली. मोनालीने हेल्मेट घालताना बाभळीकडे हात केला. बाभळीखाली येऊन उभ्या राहिलेल्या देवीदासांनीही हात केला. ती गाडीत बसली, गाडी वळणाआड गेली, आणि देवीदास चालत कँटीनच्या मागे जाऊन बसले. तिथे रिकामे क्रेट होते आणि समोर कापणी झालेलं धानाचं शेत. ट्रॅककडे पाठ करून ते एका क्रेटवर टेकले.

वळून पाहावं असं फार वाटलं. लेकीच्या आयुष्यातली एवढी मोठी वीस मिनिटं, आणि बाप धसकटं बघत बसलाय. पण कान तर उघडे होते. शिट्टीवरून गाडी ओळखणारा माणूस तो. सरळ पट्ट्यावर इंजिनाचा सूर चढताना दर वेळी मध्येच एक श्वास तुटायचा, तो त्यांना पाठ झाला होता. पहिल्या फेरीत तुटला. दुसऱ्या फेरीतही किंचित. तिसऱ्या फेरीपासून सूर अखंड गेला, चौथ्या वळणापर्यंत. देवीदासांनी डोळे मिटून घेतले.

एक मिनिट तीन सेकंद आणि वर सात दशांश. शालिग्रामचा आवाज कँटीनच्या भिंतीपलीकडून आला. एक मिनिट चारच्या आत दुसरं कोणीच आलं नाही; जागा मोनालीची झाली.

थोड्या वेळाने मोनाली हातात हेल्मेट घेऊन कँटीनच्या मागे शोधत आली. केस घामाने कपाळाला चिकटलेले. कहाँ चले गए थे आप, म्हणून ती रागावली. पहिल्या दोन फेऱ्या ती त्यांनाच शोधत होती, मग वाटलं, कंटाळून घरी गेले असतील. देवीदासांनी सोबत आणलेला लॅपटॉप मांडीवर घेतला, सकाळच्या दोन रेघा एकमेकींवर ठेवल्या आणि खाच दाखवली.

"इथं मी उभा होतो," ते म्हणाले. "इथं नव्हतो."

मोनाली शेजारच्या क्रेटवर बसली आणि बोलली ती मराठीत.

"पप्पा, तुमी तिथं जाळी धरून उभे राह्यता. इतकी घट्ट धरता. मले गाडीतून तुमचे हात दिसते."

देवीदासांनी आपले तळहात उलटून पाहिले. बोटांच्या पेरांवर जाळीचा तांबडा गंज बसला होता, सकाळपासूनचा. हात धुवायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मले कायची भीती, असं जगाला सांगत हिंडणारा माणूस. त्याची भीती एका डबीने लेकीच्या रेघेत टिपून ठेवली होती, एकूण एक फेरीत.

मोनालीने आपला हातमोजा काढला आणि त्यांची बोटं पुसायला घेतली. गंज काही निघेना. तिने विचारलं, कोइंबतूरला येणार ना?

"येईन," देवीदास म्हणाले. "रेल्वेचा तिघांचा पास काढतो. पण मी तिथंही मागंच बसीन. तू चालवून झालं का मले चार्ट आणून देजो."