दह्याने निवडलेली ऊब

दुकानात जावे, वस्तू पाहावी, घ्यावी आणि गपगुमान घरी यावे, हा जो सरळ माणसांचा रस्ता आहे, त्याला आमच्या दाजींचे पाय आजवर कधी लागलेले नाहीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे आटपाडीकडचे, मेंढपाळाच्या घरातले. उभी हयात फौजेत ट्रक चालवला आणि आता साताऱ्यात, किल्ल्याच्या पायथ्याशी घर बांधून राहिले आहेत. चप्पल घ्यायची तर दुकानदाराने ती आधी पाण्यात भिजवून दाखवावी, असा त्यांचा आग्रह असतो. एकदा बॅटरी घेताना त्यांनी ती बादलीत बुडवली, आणि विझल्यावर दुकानदारालाच झापले. अशा माणसाबरोबर खरेदीला जाण्याचा योग माझ्या कुंडलीत का असावा, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही.

यंदा निमित्त झाले अक्काच्या सांध्यांचे. साताऱ्याची थंडी आणि किल्ल्यावरून उतरणारा पहाटवारा तिला सोसेना. सकाळी बोटे अशी आखडायची की दुधाचे पातेले धरवत नसे. डॉक्टरांनी सांगितले, औषध चालू राहील, पण शरीर उबेत ठेवा. मी म्हणालो, एक हीटर आणू, बटण दाबले की झाले. यात कुणाला काही चूक दिसते का? दाजींना दिसली.

"एका खोलीत बसवायला ती काय खुडूक कोंबडी हाय?" ते म्हणाले. "ती घरभर फिरती. दर खोलीला निराळा हीटर पायजे, आन् समदे फोनवरनं चालाय पायजेत."

"फोनवरून कशाला? तुम्ही घरातच तर असता."

यावर दाजींनी खिडकीतून किल्ल्याकडे पाहिले आणि तंबाखू मळायला घेतली. उत्तर द्यायचे नसले की ते तंबाखू मळतात.

आता कुठल्या खोलीला केवढा हीटर लागेल, हे शहाण्या माणसाने दुकानदाराला विचारले असते. दाजींनी प्रत्येक खोलीत संध्याकाळी वाटीभर दूध विरजून ठेवले. सकाळी जिथे दही लागले ती खोली बरी, जिथे अर्धवट लागले ती थंड, आणि जिथे दूध दूधच राहिले तिथे मोठा हीटर. त्या दिवशी मी मुक्कामाला होतो हे माझे दुर्दैव. पहाटे न्हाणीकडे जाताना माझा पाय बरोबर एका वाटीत पडला. "तुझ्यामुळं मधल्या खोलीचा अंदाज गेला गड्या," असे म्हणून ते पाठ फिरवून गेले. माझ्या पायाची चौकशी कुणी केली नाही.

साताऱ्यातल्या दुकानदारांनी दाजींना आधीच ओळखलेले असल्यामुळे खरेदी सांगलीत ठरली. मी तिथे हळदीच्या पेठेत अडतीचा धंदा करतो. ऐन सौद्याच्या दिवशी दाजी एसटीतून उतरले ते हातात स्टीलचा डबा घेऊन. मला वाटले, अक्काने काही खायला पाठवले असेल. दुकानात गेल्यावर डब्यातून विरजलेले दूध निघाले. दुकानदार बिचारा माहितीचा कागद काढून किती वॅट, किती चौरस फूट असे समजावू लागला, तर दाजींनी कागद बाजूला सारला. "कागदावर काय बी छापत्यात. हीटर लावा आन् डबा म्होरं ठेवा. दही खोटं बोलत न्हाई."

आणि तो ठेवला हो त्याने! भर दुपारच्या सांगलीत, जिथे बारा महिने घाम पुसावा लागतो, तिथे एका बंद खोलीत हीटर लावून आम्ही दह्याची वाट पाहत बसलो. तिकडे माझा सौदा दुसऱ्याने मारला. दही लागले तेव्हा दाजींनी दुकानदाराला चमचाभर चाखायला दिले आणि म्हणाले, "ह्योच द्या. पर फोनवरनं चालतोय का, त्ये आदी दाखवा." त्यासाठी ते फोन घेऊन थेट कृष्णेच्या घाटापर्यंत चालत गेले, आणि मी दुकानात कानाला फोन लावून, हीटरवर नजर ठेवून उभा. "लागला का रं?" "लागला." "आता?" "विझला." येणारे-जाणारे माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते, ती मी विसरणार नाही.

खोलीखोलीत हीटर बसून घर सजले. खोल्यांना दाजी चौक्या म्हणू लागले आणि स्वयंपाकघर झाले अगली चौकी, म्हणजे सरहद्दीवरची सगळ्यात पुढची. इथवरही मी सोसले असते. पण पौष लागला, आणि दरवर्षीप्रमाणे, जे मी साफ विसरलो होतो, हा पेन्शनवाला गृहस्थ भावाची मेंढरे राखायला आटपाडीला निघून गेला. चालू-बंद करायचा फोन बरोबर घेऊन! अक्काकडे साधा बटणांचा फोन. म्हणजे ऊब अक्काची आणि किल्ली आटपाडीच्या माळावर. मी तणतणतच सातारा गाठला.

पहाटे स्वयंपाकघरात गेलो, तर अक्का शाल गुंडाळून पाटावर बसलेली, हात काखेत घातलेले. हीटर गार.

"दाजींनी लावला नाही?"

"लावतील की. माळावर रेंज न्हाई. मेंढरं सोडली की टेकाडावर चढत्यात, तवा लागतोय."

माझे डोकेच फिरले. हीटरच्या अंगालाच बटण होते, तिच्या हाताशी. मी तरातरा उठलो.

"हात लावू नगंस," अक्का म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मी थांबलो. "थोरला झाला तवा मी आटपाडीला पत्र्याच्या खोलीत बाळंतीण. लय थंडी. ह्ये तिकडं फौजेत, बरफात. काय करनार मानूस? आजून म्हनत्यात, तवा तुज्यासाठनं एक शेगडी बी पेटवता आली न्हाई." मग म्हणाली, "मी बटण दाबलं तर त्येंच्या फोनात दिसतंय. मग उद्यापास्नं टेकाडावर कशाला चढतील?"

मी परत तिच्याशेजारी काकडत बसलो. बाहेर फटफटले. दूधवाला येऊन गेला. थोड्या वेळाने हीटरमध्ये टक् असा आवाज झाला आणि लाल दिवा लागला.

"चढलं," अक्का म्हणाली. काखेतले हात काढून तिने हीटरपुढे धरले. बोटे सुटी झाल्यावर विरजणाचे भांडे उचलून जवळ सरकवले.

माझा राग गेलेला नाही. तो सौदा गेला तो गेलाच. पण हल्ली थंडीत पहाटे जाग आली की सांगलीत अंथरुणात पडल्या पडल्या माझ्या मनात येते, माणसाचे वय झाले आहे, गुडघे त्यांचेही दुखत असतील, आज टेकाड चढले असतील ना.