जीप भरून आलेलं कुटुंब

मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षी मला लोहारा गावाकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात शिकायला पाठवलं होतं. उपचार पुरे करण्याच्या अटीवर कोर्टानं जामीन दिलेले पुरुष तिथे असत. दारूपायी कुणी भावाचं डोकं फोडलेलं, कुणी गाडी उलटवलेली. मी वणीची, कोळशाच्या ट्रकांची धूळ खात कॉलेजला गेलेली, तोंडाची फटकळ. आपल्याला माणसं कळतात असं मला वाटायचं. केंद्रातले आमचे सर म्हणायचे, "कळतात ना, मग जरा कमी बोला."

माझ्या वाट्याला आलेला पहिला माणूस दारव्हा रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा. आपल्याच बंजारा तांड्यातली माणसं बाजारातून घरी नेताना त्याची गाडी नाल्यात गेली आणि एका म्हातारीचा पाय मोडला. सहा आठवडे तो मला एकच सांगत होता, "ब्रेक फेल झालते, मॅडम." मी गोडीनं विचारलं, चिडून विचारलं, तक्ते भरून घेतले. ब्रेक काही दुरुस्त होईनात. त्याच्या बायकोनं मला फोनवर बजावलं होतं, "खरं बोलला तं घरात घेईन. नाही तं तिकडंच राहू द्या." हे मी त्याला सांगितलं नव्हतं. नुसतं घरी जायला मिळावं म्हणून बोललेलं खरं मला नको होतं.

मग कुटुंबाची बैठक ठरली. पत्रात मी लिहिलं, 'कुटुंबीयांनी उपस्थित राहावे.' माझ्या डोक्यात एकटी बायको. ठरल्या दिवशी फाटकाशी जीप थांबली आणि माणसं उतरतच राहिली. बायको, तांड्याचे प्रमुख म्हणजे नायक, चार-पाच जाणती मंडळी, आणि सगळ्यांत शेवटी दोघींनी धरून उतरवलेली, काठीवर भार टाकणारी एक म्हातारी. तीच ती.

माझा पारा चढला. खोली चार खुर्च्यांची, आणि गुप्तता हा तर आमचा पहिला धडा. "फक्त घरचे," मी म्हटलं.

"सारे घरचेच हायेत," नायक शांतपणे म्हणाले. "कोर्टाच्या कामाले बाईमाणसाले एकटं कसं धाडू? अन् झालं ते साऱ्यांसमोर झालं, मंग बोलणंबी साऱ्यांसमोरच होते आमच्यात."

सरांनी त्या माणसाला बाजूला नेऊन विचारलं, चालेल का. त्यानं मान हलवली. सर स्वतः सतरंजी आणायला गेले.

अंगणात कडुलिंबाखाली बसलो. मी प्रश्न लिहून आणले होते, त्यातला एकही विचारावा लागला नाही. नायक एवढंच म्हणाले, "सांग बेटा, काय झालतं?" तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. मला मधे बोलायची फार उबळ आली, पण जीभ दातांखाली धरली. मग तो म्हातारीकडे वळला. "याडी," तो म्हणाला. आईला, आईसारख्या बाईलाही, तांड्यात याडी म्हणतात. "ब्रेक चांगले होते. मी दारू पेऊन होतो."

म्हातारीनं मोडलेला पाय हातानं जरा सरकवून घेतला.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "बाजूलेच बसली होती मी. बसतानाच वास आला."

"मंग उतरली काहून नाही?" नायकांनी विचारलं.

"उतरली असती तं भर बाजारात याची मान खाली गेली असती. एवढासा होता तवापासून पाह्यते मी याले. वाटलं, घर जवळच हाये, नेईल नीट."

तो रडायला लागला. मीही रडले, आणि लपवलं नाही. इतकी माया मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. त्याच मायेपायी तिचा पाय मोडला, हेही मला कळत होतं, आणि त्याचं काय करावं ते कळत नव्हतं.

त्याची बायको उठली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली.

"इथलं पुरं कर अन् घरी ये," ती म्हणाली. "पण यापुढं वास आला, तं मी भर बाजारात ओरडून सांगीन. तुही मान खाली गेली तं जाऊ दे."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"सांगजो," तो म्हणाला.