मी बंद केलेली सूचना

लातूरमधल्या एका मोठ्या शिकवणी वर्गात मी सात वर्षं सिस्टीम सांभाळली. काम नेमकं काय, हे घरी कुणाला नीट सांगता आलं नाही. वडील वसाहतीत सांगत फिरायचे, "पोरगी कॉम्प्युटरवर हाय." भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या आमच्या त्या एकसारख्या घरांच्या वसाहतीत एवढं सांगितलं तरी लोक समाधानानं मान हलवत.

माझी खोली जिन्याखाली होती. वर्ग चालवणाऱ्या सरांच्या केबिनशिवाय एसी फक्त तिथंच होता, तोही माझ्यासाठी नव्हे, सर्व्हरसाठी. मुलांची हजेरी, परीक्षांचे गुण, वसतिगृहातल्या खोल्या, बसचे थांबे, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये होतं. लातूरच्या तीन इमारती आणि नांदेडची शाखा त्याला जोडलेल्या. माझ्यासमोरच्या स्क्रीनवर प्रत्येक यंत्राचा एक ठिपका असे. यंत्र नीट चालत असेल तर हिरवा, अडखळलं की पिवळा, बंद पडलं की लाल. सकाळी पावणेसातपासून मी ते ठिपके बघत बसायची. कोणती मुलं येतात, कोणती जातात, त्यातलं एकही मला दिसायचं नाही.

हे सॉफ्टवेअर येण्याआधी हजेरी वर्गाच्या जुन्या कारकुनाकडे, चाचांकडे होती. चाचांचं घराणं लातूरच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या वह्या बांधायचं. वर्गाची हजेरीची रजिस्टरंसुद्धा ते स्वतः शिवायचे, लाल कापडी पाठीची. दहा वाजले की चष्मा कपाळावर सरकवून ते गैरहजर मुलांच्या घरी फोन लावत. "सलाम साहेब. लेक आज आली न्हाई वर्गाला. तब्येत बरी हाय ना तिची?" कुणाला ताप असायचा, कुणी गावी लग्नाला गेलेलं असायचं. चाचा रजिस्टरात बारीक अक्षरात ते लिहून ठेवत.

मुलं वाढत गेली. मुखेड, उमरी, देवणी, देगलूर, कुठून कुठून एसटीच्या गाड्या भरून आईबाप येत आणि पोरांना खोल्यांवर सोडून जात. एवढ्या घरी फोन करणं चाचांना शक्य राहिलं नाही. मग दारांवर बोटांचे ठसे घेणारी यंत्रं बसली. ठसा जुळला तर हजर. नाही जुळला तर दहा वाजता पालकाच्या मोबाईलवर आपोआप संदेश, 'आपला पाल्य आज गैरहजर आहे.' चाचांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. ते मला एकदा म्हणाले, "बाई, मी विचारत होतो. हे सांगतंय." मी हसले. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

यंत्रानं बोट ओळखलं नाही की सूचना यायची, माझ्या मोबाईलवर आणि सरांच्याही. पोरांची बोटं ओली असत, तेलकट असत, मेंदी लागलेली असे. सकाळच्या तासाभरात मोबाईल नुसता थरथरत राही. पहिले काही दिवस मी प्रत्येक सूचनेमागं धावले. दारापर्यंत जाईपर्यंत पोरगं वर्गात जाऊन बसलेलं असे. पंधरा दिवसांनी सरांनी बोलावलं.

"ह्या सूचना बंद करता येतात का?"

"येतात सर. पण मग एखाद्याचं बोट रोजच लागत नसेल तर कळणार नाही."

"यंत्र बंद पडलं तर कळेल ना?"

"ते कळेल."

"मग झालं."

मी खोलीत आले आणि यंत्र पूर्ण बंद पडल्याशिवाय सूचना पाठवायची नाही, अशी व्यवस्था केली. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल गप्प होता. मी चहा गरम असतानाच प्यायले, हे आठवतं.

आमच्या गावची जमीन भूकंपाआधी कितीतरी महिने गुरगुरत होती. भांडी वाजायची, भिंतीवरची माती सांडायची. सुरुवातीला सगळं गाव अंगणात झोपायचं. मग सवय झाली. थंडीपावसाचं बाहेर किती दिवस झोपणार? माणसं आत गेली. माझी आईही आत गेली. मी त्या वेळी देवणीला मामाकडं होते, म्हणून वाचले. हे सगळं मला माहीत होतं. तरी ती सूचना बंद करताना ह्यातलं काहीही माझ्या मनात आलं नाही. लोकांना वाटतं, एकदा पोळलेला माणूस जन्मभर सावध राहतो. मी राहिले नाही.

त्या हिवाळ्यात एका दुपारी, चाचांच्या जागी चौकशीच्या खिडकीवर बसलेल्या मुलीनं मला बाहेर बोलावलं. एक गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, हातात मोबाईल घट्ट धरलेला. मुखेडचे. बैलांचे कासरे, वेसणी, घुंगरमाळा घेऊन ते आठवडी बाजार करत. त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी उभी होती, बारावीची. किरकोळ अंगाची, दोन वेण्या, ओढणीचं टोक मुठीत.

"अकरा दिवस मेसेज येऊन राहिलाय," ते म्हणाले. "रोज दहाला. तुमच्या नंबरला फोन लावला तर बाईचा आवाज येतोय, एक दाबा, दोन दाबा. मला काय कळंना. शेवटी आलो."

खिडकीवरच्या मुलीनं हजेरीचा कागद छापून त्यांच्यापुढं ठेवला होता. अकरा वेळा गैरहजर.

"मी येत होते बाबा," मुलगी म्हणाली. "रोज येत होते. बोट लागत नव्हतं. मागची पोरं ढकलायची, वॉचमन म्हणायचा चल आत."

"वर्गावरच्या सरांना का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं. ते म्हणाले ऑफिसात जा. ऑफिसात रांग असती, तास बुडतो."

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, तुम्हीच बघता ना हे मशीन? बरोबर हाय का?"

माझ्या खोलीचं दार उघडंच होतं. मी मागं वळून स्क्रीनकडं पाहिलं. सगळे ठिपके हिरवे होते.

"हो," मी म्हणाले. "सिस्टीम बरोबर आहे."

 वडिलांनी कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि तिला म्हणाले, "चल, खोलीवरचं सामान घे." ते ओरडले असते, तिच्यावर हात उगारला असता, तर कुणीतरी मध्ये पडलं असतं. ते हळू बोलले. कुणीच मध्ये पडलं नाही. चाचा त्या दिवशी रजेवर होते.

चार दिवसांनी चाचांनी विचारलं, "ती मुखेडची पोरगी कुठं गेली? रोज खिडकीसमोरून जाताना सलाम करायची." मी सांगितलं. ते म्हणाले, "पण ती रोज येत होती बाई. मी रोज बघत होतो तिला."

मी खोलीत जाऊन त्या दाराच्या यंत्राची नोंदवही उघडली. सूचना बंद केल्या तरी यंत्र आपल्या नोंदी करतच असतं. त्या वाचायला कुणी नसतं, एवढंच. जुळलेल्या ठशासमोर मुलाचा क्रमांक असतो, न जुळलेल्यासमोर फक्त वेळ. एक एक दिवस काढून पाहिला. सहा पन्नासच्या आसपास, अकराही दिवस, तीन-तीन नोंदी. ठसा जुळला नाही. ठसा जुळला नाही. ठसा जुळला नाही. ती गेल्यानंतरच्या चार दिवसांत त्या वेळेला एकही नाही. मग तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीला बोलावून विचारलं. थंडीत तिच्या बोटांची सालं निघत, ती म्हणाली. मैत्रिणी तिला खोबरेल तेल लावायला सांगत.

मी कागद छापून सरांकडं गेले. त्यांनी तो नीट वाचला. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, "पोरगी परत येणार असेल तर येऊ दे. तिची जागा आहे. पण लेखी काही द्यायचं नाही. एकाला दिलं की उद्या सगळे मागतील."

मग मी सिस्टीममध्ये तिचे अकरा दिवस गैरहजरचे हजर केले. असा बदल केला की एक चौकट उघडते, कारण लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी बराच वेळ त्या चौकटीपुढं बसले होते. शेवटी 'तांत्रिक' असा एकच शब्द लिहिला. चौकटीनं तो लगेच घेतला.

रविवारी मी आणि चाचा मुखेडला गेलो. अहमदपूरला गाडी बदलली.  मी दुरुस्त हजेरीचा नवा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर धरला होता.

घर बाजारापासून जवळ होतं. पुढच्या खोलीत दोऱ्यांची भेंडोळी, भिंतीला टांगलेल्या घुंगरमाळा. वडिलांनी आम्हाला ओळखलं, खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मी कागद पुढं केला आणि जमेल तसं सांगितलं, की यंत्राला तिचं बोट ओळखू आलं नाही, ती रोज येत होती, चूक आमची होती.

त्यांनी खिशातून पहिला कागद काढला. तो अजून तिथंच होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"हे बी तुमचंच, हे बी तुमचंच," ते म्हणाले. "त्यात गैरहजर, ह्यात हजर. मी कशावर इसवास ठेवायचा?"

"माझ्यावर ठेवा," चाचा म्हणाले. "मी डोळ्यानं बघितलंय तिला. रोज."

वडिलांनी दोन्ही कागद बाजूला सारले. मग कागदांकडं न बघता म्हणाले, "म्हंजे पोरगी खरं बोलत होती." थोड्या वेळानं, "एस्टीत मुखेडपर्यंत एक शब्द बोललो न्हाई मी तिच्याशी. ती रडत होती. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो."

मुलगी चहा घेऊन आली. तिनं आमच्या पुढं कप ठेवले तेव्हा मी तिची बोटं पाहिली. टोकांची कातडी लालसर, सोलल्यासारखी.

मी म्हणाले, "परत ये. तुझी जागा आहे. सर हो म्हणालेत. पोर्शन बुडलाय तेवढा भरून काढतील."

"न्हाई मॅडम."

"का गं? वडिलांना सगळं कळलंय आता."

ती वडिलांकडं बघत नव्हती. "तुम्हाला दिसत होतं ना मॅडम? मी रोज बोट ठेवत होते ते?"

"यंत्रात नोंद होत होती," मी म्हणाले.

"पण तुम्हाला?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले. चाचांनी कप खाली ठेवला.

"जा बेटा," वडील म्हणाले. आवाज पार उतरला होता. "मी म्हणतो जा. मी सोडायला येतो."

"बाबा, मी घरनंच बारावीची परीक्षा देते. इथल्याच कॉलेजातनं. तिकडं मला न्हाई जायचं." एवढं बोलून ती आत गेली. आतून भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला, तो आम्ही निघेपर्यंत थांबला नाही.

वडील आम्हाला थांब्यापर्यंत सोडायला आले. गाडी लागली तेव्हा चाचांचा हात हातात धरून म्हणाले, "पोरगी अकरावीला होती, तुम्ही फोन करत होता, तेव्हा बरं होतं भाऊ. मी उलट तुम्हाला काही विचारू शकत होतो." 

सोमवारी मी बोट न जुळण्याच्या सूचना पुन्हा चालू केल्या, फक्त माझ्या मोबाईलवर. सरांना सांगितलं नाही. एकाच दारावर त्याच वेळेला सलग दोन दिवस बोट जुळलं नाही तर मी दारावर जाऊन उभी राहायची. चाचांनी एक वही शिवून दिली, त्यात नावं लिहायची. दोन महिने हे चाललं. मग नांदेडला दुसरी इमारत झाली, तिथली यंत्रं जोडली, सूचना इतक्या वाढल्या की सकाळच्या त्या तासात माझ्या हातून दुसरं काही होईना. नांदेडच्या दारावर मी जाणार तरी कशी? एकदा सर्व्हर अर्धा दिवस बंद राहिला आणि मला कळलं नाही, कारण त्याची सूचना त्या गर्दीत बुडाली होती. सरांनी मोबाईल बघायला मागितला. मी दिला. त्यांच्यासमोरच त्या सूचना मी पुन्हा बंद केल्या.

मुलगी बारावी पास झाली, एवढं चाचांना मुखेडच्या कुणाकडून कळलं. ज्या प्रवेश परीक्षेसाठी ती लातूरला आली होती, ती तिनं दिली नाही. पुढं देगलूरकडं तिचं लग्न झालं. चौकशीची खिडकी काढून तिथं स्क्रीन लावल्यावर चाचांनी येणं बंद केलं. त्यांचं युजर खातं बंद करायचा निरोप मला आला आणि मी ते केलं. कधी बाजारात भेटले की ते माझ्या वडिलांची तब्येत विचारतात. त्या मुलीचं नाव आम्ही दोघंही काढत नाही.

यंत्रं बदलली. आता बोट लावावं लागत नाही, कॅमेरा चेहरा ओळखतो. मी ते काम सोडलं, तरी नव्या ठिकाणीही माझ्यासमोर तसाच स्क्रीन आहे, रुग्णालयाचा. कुठल्या सूचना महत्त्वाच्या आणि कुठल्या बंद ठेवायच्या, हे नव्या लोकांना मीच शिकवते. ते वहीत लिहून घेतात. कुणी विचारतं, "मॅडम, बंद केलेल्यांपैकी एखादी खरी असली तर?" मी म्हणते, असेल. आणि पुढची ओळ सांगते.