कूलरखालचा सांबार

तीन उन्हाळे झाले, हे मी कुणाजवळ बोललो नाही. माझ्या मुलाजवळ नाही, देवापुढेही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

पाचगणीच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. बायको तिथेच वारली. निवृत्त झालो आणि पवनारला परत आलो, दादाच्या घरासमोर दोन खोल्या बांधल्या. दादा आधीच वारला होता. समोरच्या टिनाच्या घरात वहिनी एकटी राहायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तो कसा झालो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. दादा भाजीच्या वाडीत राबला आणि वहिनीनं भाजीची टोपली डोक्यावर घेऊन वर्ध्याची पहिली बस धरली — माझं बी.ए., बी.एड. होईपर्यंत. हे मी कधी विसरलो नाही. मग जे केलं ते का केलं?

पहिल्याच एप्रिलमध्ये माझं अंग बोलायला लागलं. नाकातून रक्त आलं, डोकं जड झालं. जन्म इथला, पण ऊन सोसेना. वहिनी हसली. म्हणाली, "भाऊजी, तुमचं अंग आता इथलं नाई राह्यलं. नव्यानं शिका." आणि तिनंच शिकवलं. सगळी कामं नऊच्या आत. बाहेर पडताना डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा. मी मास्तर, पण उन्हाळ्याच्या शाळेत पहिलीत होतो, आणि मास्तरीण ती होती.

मागच्या खिडकीला मी मोठा कूलर बसवला. त्याचं पाणी ठिबकायचं तिथली माती मोकळी करून तिनं धने टाकले. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. मे महिन्यात तो वाडीत टिकत नाही, कूलरखाली मात्र तरारून आला. रोज संध्याकाळी ती मागे जायची, दोन काड्या खुडायची.

आणि रोज दुपारी एकला माझ्या खोलीत यायची. भिंतीला टेकून बसायची, खूप बोलायची. कुणी आलं-गेलं की सांगायची, "याले म्या शिकोला." खरंच होतं ते. पण रोज ऐकायचं? मला बनियनवर पडायचं असे, वाचायचं असे. तिच्या लुगड्याला घामाचा, लसणाचा वास यायचा — हे लिहिताना हात थांबतो, पण तेही होतं. त्याच टोपलीवर मी शिकलो, आणि मला त्याच वासाचा कंटाळा आला.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला त्या दिवशी, ती यायच्या आधी मी कूलर बंद केला. दारातच सांगितलं, मोटर जळाली, मिस्त्री मिळत नाही. ती म्हणाली, मग तुम्ही कसे राहता? तिला माझीच काळजी. ती गेली. मी दार लावलं, थोडा वेळ थांबलो — आणि बटन दाबलं. छान झोप लागली. हेही सांगायलाच हवं.

तीन दिवस असं चाललं. चौथ्या संध्याकाळी सांबाराची जुडी घेऊन ती उंबऱ्याशी आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बंद कूलरखाली सांबार चांगला हिरवा होऊन राह्यला, भाऊजी."

तेव्हा खरं बोलता आलं असतं. आत ये म्हणता आलं असतं. मी म्हणालो, सकाळी मीच पाणी घालतो. ती म्हणाली, "घालत जाजा." जुडी ठेवली आणि गेली. पुन्हा दुपारी आली नाही. मीही बोलवायला गेलो नाही. मधे रस्ता तेवढा होता, पंधरा पावलांचा.

पुढच्या तीन दुपारी तिच्या टिनाखाली काय झालं असेल? मला ठाऊक नाही, मी झोपलो होतो. तिसऱ्या दिवशी शेजारणीला ती जमिनीवर पडलेली सापडली. अंग तव्यासारखं तापलेलं, घाम नाही, शुद्ध नाही. दवाखान्यात नेलं, तिथे दुसऱ्या सकाळी वारली.

लोक बसायला आले. मी सगळ्यांना सांगितलं — किती म्हटलं, कूलरमध्ये येऊन बसत जा, ऐकलं नाही तिनं. लोक म्हणाले, मास्तरांनी आईसारखं मानलं. मी मान खाली घातली. दुःखानं घातली असं त्यांना वाटलं.

तिची मुलगी हिंगणघाटहून आली होती. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "काकाजी, आई त फोनवर सांगे, तुमचा कूलर बिघडला हाये म्हून."

मी विचारलं, कधी म्हणाली? कशासाठी विचारलं कोण जाणे. ती म्हणाली, पडली त्याच्या आदल्या दिवशी.

म्हणजे सांबाराची जुडी उंबऱ्याशी ठेवून गेल्यानंतर. म्हणजे सगळं कळल्यानंतर. आपल्या पोटच्या मुलीलाही तिनं माझं खोटं खरं करून सांगितलं, माझी लाज राखली.

मी म्हणालो, "नंतर दुरुस्त झाला." मुलीनं मान हलवली. तिनं विश्वास ठेवला.

मोटर जळाली नव्हती. एक दिवसही कूलर बंद नव्हता. आताही तो चालू आहे, दुपारचा दीड वाजलाय, खिडकीमागे पाणी ठिबकतंय. धने आता कुणी टाकत नाही. तिथली माती ओलीच असते.