पातेल्याकडे कान

खीर उकळू लागली की काकू पातेल्याकडे कान करायच्या. डोळे मिटलेले, मान तिरकी, भिंतीपलीकडचं भांडण ऐकणाऱ्या शेजारणीसारख्या. मग म्हणायच्या, "दूध जड बोलतंय. आंच कमी करा."

उत्तरेत, दुर्गाघाटाजवळच्या आमच्या मराठी धर्मशाळेत त्या यात्रेकरूंसाठी सोवळ्यात स्वयंपाक करत. मी बँकेतून निवृत्त झालेला, धर्मशाळेच्या समितीत नावापुरता आणि देवाच्या बाबतीत तेवढाही नसलेला माणूस. सोवळ्याचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. नैवेद्य दाखवण्याआधी चव घ्यायची नाही. म्हणजे स्वयंपाकिणीची सगळी भिस्त नाकावर. काकूंचं नाक साथीच्या तापात गेलं. ताप उतरला, वास परत आला नाही.

"त्यानं काही सोचून ठेवलं असेल," त्या वर बोट दाखवून मला म्हणाल्या.

"काय सोचलं असेल?"

"ते मला समजलं असतं तर मी चुलीशी बसले असते का, मॅनेजरसाहेब?"

मला संताप यायचा. तीस वर्षं ही बाई पहाटे ओलेत्याने चूल पेटवते आणि तिचंच नाक न्यायचं? न्यायचंच होतं तर आमच्या समितीत अकरा नाकं होती. मुरडण्यापलीकडे त्यांचा उपयोग नव्हता.

मग वार्षिक उत्सव आला. अध्यक्षांना तीन शाली, दोन हार आणि एक मानपत्र मिळालं. जेवणात खीर करपलेली निघाली. देवाने नैवेद्य मुकाट्याने घेतला होता, अध्यक्षांनी घेतला नाही. पंगतीतले चेहरे पाहून काकू स्वतःच पुढे आल्या. "खीर लागली. दोन महिने झाले, मला वास येत नाही. आधी सांगायला हवं होतं. चूक माझी."

चार दिवसांनी समितीने त्यांना बोलावलं. बसायला कुणी सांगितलं नाही. आमच्या चिटणिसांचा आवाज कीर्तनकाराचा, काळीज मुकादमाचं. "काकू, ही ईश्वराची योजना समजा. आता विश्रांती घ्या. महिनाअखेर जिन्याखालची खोली तेवढी मोकळी करा."

दुसरं घर काकूंना नव्हतं. मी तोंड उघडणार, तोच त्या बोलल्या.

"नाक त्यानं घेतलं. ते त्याचं नि माझं, आम्ही बघून घेऊ. चूल तुम्ही घेताय, भय्या. ते आपल्या नावावर घ्या, त्याच्या नको."

चिटणीस खुर्चीत सरकले.

"एक महिना द्या. परत लागली तर मीच बोचकं उचलते."

मी हात वर केला. त्या समितीत मनापासून वर केलेला माझा तो पहिला हात. लाजेकाजेने आणखी सहा वर आले.

त्या महिन्यात काकू कानाने रांधायला शिकल्या; तळाला लागण्याआधी दुधाचा आवाज जड होतो, हे त्यांनी हेरलं. पुढे चार वर्षं खीर लागली नाही.

एकदा मी डिवचलं, "म्हणजे कान तयार व्हावा म्हणून नाक नेलं म्हणायचं?"

"इतकं सस्तं नका करू," त्या तडकल्या. "नाक मला हवंच आहे. हिंगाचा वास आठवून कधी रडू येतं. भरवसा आहे म्हणजे दुखत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

 

गेल्या थंडीत दोन दिवसांच्या आजारात काकू गेल्या. तेराव्याला धर्मशाळेच्या दालनात शोकसभा झाली. काकूंना ज्यांनी कधी बसायला सांगितलं नाही, ते सगळे पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी स्वयंपाकघरात नवा आचारी खीर ढवळत होता.

"ईश्वराला स्वर्गात उत्तम स्वयंपाकीण हवी होती," चिटणीस म्हणाले. "ही त्याचीच योजना." आणि डोळे टिपायला थांबले. डोळे कोरडे होते.

त्या शांततेत मला आतलं दूध ऐकू आलं. मघाशी हलकं बुडबुडत होतं, आता आवाज बसला होता.

मी उठलो. चिटणीस माझ्याकडे पाहत राहिले. सोवळ्यात नसल्याने उंबऱ्याशीच थांबलो, मान तिरकी केली, खात्री करून घेतली आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल असा ओरडलो.

"आंच कमी करा! दूध जड बोलतंय."